लिफ्टजवळच्या दोन जागा: एका पार्किंगच्या भांडणाचं पूर्ण प्रकरण

हे आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमधलं प्रकरण आहे आणि मी तेव्हा पार्किंग कमिटीवर होतो (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मी, यात मानबिन काही नाही). नावं कुणाचीच देत नाहीये. माणसं चार. व्हीलचेअर वापरणारे एकजण, त्यांना सगळे सरच म्हणतात. अकाउंट्समधल्या एक मॅडम. वरच्या मजल्यावरचा एक अतिशय गोडबोल्या गृहस्थ, त्याला आपण स्टिकरवाला म्हणू. आणि गेटवरचे वॉचमन काका, ज्यांना या सगळ्यातलं सगळ्यात आधी माहीत होतं आणि ज्यांना आम्ही सगळ्यात शेवटी विचारलं.

आधी जागा कशी आहे ते सांगतो, कारण अर्धं भांडण तिथंच आहे. बेसमेंटमध्ये लिफ्टच्या अगदी समोर दोन राखीव जागा, जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र, आणि दोघींच्या मध्ये तिरक्या पट्ट्यांचा एक मोकळा भाग. हा पट्ट्यांचा भाग म्हणजे शोभा आहे किंवा उरलेली जागा आहे असं बहुतेकांना वाटतं, मला स्वतःला कमिटीवर येईपर्यंत तसंच वाटायचं, आणि म्हणूनच तिथं बाइक लागतात, कुंड्या येतात, एकदा तर आमच्याच मेंटेनन्सवाल्यांनी रंगाचे डबे रचून ठेवले होते. खरं तर पूर्ण जागेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. भारतातल्या सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी जागा ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असावी आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी असं दिलंय. साधी जागा अडीच मीटरच्या आसपास असते, म्हणजे वरचा मीटरभर कशासाठी? अमेरिकेतल्या नियमात तर या पट्ट्याचं वेगळं माप आहे, गाडीच्या बाजूला कमीत कमी ५ फूट मोकळे, आणि ज्या व्हॅनमधून रॅम्प किंवा लिफ्ट बाहेर येते तिच्यासाठी एकतर पट्टा ८ फुटांचा नाहीतर जागाच जास्त रुंद.

सरांना गाडीतून उतरताना एकदा पाहिलं की हे मीटर-फूट डोक्यात बसतात. त्यांची गाडी हाताने चालवायची आहे, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एका दांड्यावर. गाडी लावली की ते दार पूर्ण उघडतात, अर्धं नाही, पूर्ण, मग शेजारच्या सीटवरून व्हीलचेअरची फ्रेम स्वतःच्या अंगावरून ओढून बाहेर काढतात, मग मागून एकेक चाक घेऊन बसवतात, ब्रेक लावतात, एक हात सीटवर एक हात खुर्चीवर आणि अंग उचलून पलीकडे. घाई नसेल तर चार-पाच मिनिटं. यातलं काहीही दार अर्धं उघडून होत नाही. आणि सकाळी जागा मिळाली नाही तर निदान दुसरीकडे जाता येतं, पण संध्याकाळी परत येऊन पाहावं तर पट्ट्यावर कुणीतरी गाडी घुसवून गेलेलं, मग माणूस स्वतःच्या गाडीसमोर अडकून बसतो. सरांच्या बाबतीत हे झालंय, एकदा नाही, बऱ्याचदा.

आता त्या दिवशी काय झालं. सर सकाळी आले तर दोन्ही जागा भरलेल्या. एकात स्टिकरवाल्याची गाडी, पुढच्या काचेवर व्हीलचेअरचं स्टिकर. दुसऱ्यात एक छोटी गाडी, काचेवर काहीच नाही. सर दोन चकरा मारून खालच्या लेव्हलला गेले, तिथं दार पूर्ण उघडता यावं म्हणून त्यांनी दोन साध्या जागा अडवून गाडी मधोमध लावली, त्यावरून मागच्याने हॉर्न वाजवून नको ते ऐकवलं, आणि खालच्या लेव्हलला लिफ्टपाशी दोन पायऱ्या आहेत म्हणून त्यांना गाड्यांच्या रॅम्पवरून, चढावर, समोरून गाड्या येत असताना, खुर्ची ढकलत वर यावं लागलं. वर पोचले आणि बरोबर त्याच वेळी त्या छोट्या गाडीतून मॅडम उतरल्या. खांद्याला लॅपटॉपची बॅग, चाल झपझप, सरळ लिफ्टमध्ये. काठी नाही, लंगडणं नाही, काही नाही.

सरांनी फोटो काढला आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, नंबर प्लेटसकट. खाली लिहिलं, "पाय धडधाकट, लाज अपंग."

पुढचं सांगायची गरज नाही, ग्रुप कसे असतात ते सगळ्यांना माहितीये. दुपारपर्यंत दीडशे मेसेज. ज्यांनी स्वतः त्याच पट्ट्यावर बाइक लावल्या होत्या तेही तावातावाने लिहीत होते (मला माहितीये कारण नंतर वही बघितली, त्यावर येतोच). स्टिकरवाल्याने एक लांबलचक मेसेज टाकला संवेदनशीलतेवर. मी स्वतः एक अंगठा दाखवला होता सरांच्या फोटोला, ते इथं लिहून ठेवतो म्हणजे मी कुणी वेगळा होतो असं वाटायला नको. मॅडमनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी बेसमेंटच्या पार टोकाला लावली. सकाळी नीट चालत आल्या. संध्याकाळी अर्ध्या वाटेत एका खांबाला टेकून खालीच बसल्या. वॉचमन काकांनी कुठूनतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, अर्धा तास त्यांना बसवून ठेवलं, मग गाडीपर्यंत हाताला धरून नेलं. आणि रात्री ड्यूटी संपताना मला फोन केला, "साहेब, तुम्ही लोकांनी त्या ताईंना उगाच बोललात. त्या सकाळी चालतात हो. संध्याकाळी नाही चालत. मी रोज बघतो."

रोज बघतो! म्हणजे ज्या माणसाला उत्तर माहीत होतं तो रोज गेटवर उभा होता आणि आम्ही दीडशे मेसेज लिहीत होतो.

मी मॅडमना भेटलो. खरं सांगायचं तर कसं विचारावं तेच कळत नव्हतं, त्यांनीच सांगितलं, आणि हे कमिटीपुढे सांगायलाही परवानगी दिली. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत कधी नीट पोचतो, कधी अडखळत पोचतो, कधी वाटेतच राहतो. अनेकांमध्ये हा आजार येऊन-जाऊन असतो, मध्ये महिनेच्या महिने बरे जातात. आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, ती म्हणजे उष्णता. अंग तापलं, मग ते उन्हाने असो, तापाने असो की नुसत्या चालण्याने, की लक्षणं वाढतात आणि अंग निवलं की परत उतरतात. विल्हेल्म उहथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याची नोंद केली होती, त्याने पाहिलं ते म्हणजे श्रमानंतर रुग्णांची नजर धूसर होते. आमच्या बेसमेंटमध्ये हवा खेळत नाही, दिवसभर गाड्यांची इंजिनं, संध्याकाळी तिथं भट्टी असते. म्हणजे दिवसभराचा थकवा, त्यावर ती गरमी, आणि त्यात पार टोकापर्यंत चालायचं.

मॅडम म्हणाल्या, "सकाळी मी चालते ते सगळ्यांना दिसतं. संध्याकाळी मी चालत नाही ते बघायला कोण थांबलंय?"

मग मी अपंगत्वाच्या कार्डाचं विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ च होते, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या २१ मध्ये आहे. पण बऱ्याचशा सवलतींसाठी प्रमाणपत्रावर कमीत कमी ४० टक्के लागतात. मॅडमची तपासणी झाली ती त्यांच्या बऱ्या काळात, आकडा ४० च्या खाली आला. परत जायला पाहिजे होतं, गेल्या नाहीत, कारण परत जायचं तर तब्येत बिघडल्यावर जायला हवं आणि तब्येत बिघडलेली असताना रांगेत उभं कोण राहणार. आता हे ऐकून मला हसावं की काय ते कळेना. ज्या आजाराचा स्वभावच असा की आज एक आणि उद्या एक, त्याला एका दिवसाच्या तपासणीने एक आकडा लावायचा.

इथं एक गोष्ट सरांच्या बाजूने सांगायला हवी. सरांनी जे पाहिलं ते पाहून कुणीही तेच म्हटलं असतं. कारण जमिनीवर चित्र कशाचं आहे? व्हीलचेअरचं. हे चित्र सुझॅन कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये काढलं, तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्ची होती, डोकं नव्हतं, ते गोल डोकं नंतर कार्ल मोंटान यांनी बसवलं म्हणजे तो माणूस वाटावा, आणि पुढच्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणून स्वीकारलं गेलं. चिन्ह म्हणून झकास आहे, लांबून कळतं, भाषा लागत नाही. पण पन्नासपेक्षा जास्त वर्षं आपण ते चित्र बघतोय आणि त्या चित्राने डोळ्यांना शिकवलंय की इथं उतरणारा माणूस खुर्चीत असणार. हृदय कमजोर असलेला, फुप्फुसं गेलेला, कृत्रिम पाय फुलपँटखाली झाकलेला, यातलं त्या चित्रात काही नाही. आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांमध्येही पुष्कळ जण चार पावलं चालू शकतात, ते उठून उभे राहिले की लोक चमत्कार झाल्यासारखं नाहीतर चोर पकडल्यासारखं बघतात.

इंग्लंडमध्ये यावर एक पाऊल पुढे गेलेत. तिथला ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना, ३० ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही मिळायला लागला, म्हणजे ऑटिझम किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्यांनाही, अर्थात निकषात बसलं तर. आणि तिथला बॅज गाडीला नाही, माणसाला मिळतो. तो माणूस प्रवासात नसेल, त्याला उतरवायचं किंवा घ्यायचं नसेल, तर घरच्या कुणीही तो वापरणं गुन्हा आहे.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात स्टिकरवाला आला.

आता वही. वॉचमन काकांकडे गेटवर एक वही असते, कुठली गाडी किती वाजता आली, कुठं लागली. आम्ही ती कधी मागितलीच नव्हती. मी दोन आठवड्यांची पानं काढून बसलो. सगळ्यात जास्त नोंदी कुणाच्या, तर "दोनच मिनिटं" वाल्यांच्या. पार्सल घेऊन येतो, साहेबांना सोडतो, फोन संपवतो. यांच्यात कुणी स्वतःला चोर समजत नाही, प्रत्येकाची दोनच मिनिटं असतात, पण ती एकामागोमाग एक लागली की सकाळचा पूर्ण तास जातो. त्या खालोखाल पट्ट्यावरच्या बाइक. त्यात ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने ओरडलेल्या दोघांचे नंबर. मॅडमची गाडी दोन आठवड्यांत पाचदाच राखीव जागेत होती, बाकीचे दिवस साध्या जागेत. म्हणजे ज्या दिवशी जमत होतं त्या दिवशी त्या स्वतःहून लांब लावत होत्या.

आणि स्टिकरवाला रोज. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, ठरलेली जागा असल्यासारखी. स्टिकर खोटं नव्हतं. त्याच्या आईचं प्रमाणपत्र आहे, खरं आहे, त्या काठी घेऊन चालतात. फक्त आई आमच्या ऑफिसात कामाला नाही. मी त्याला विचारलं तेव्हा त्याला खरोखर आश्चर्य वाटलं, म्हणाला, "अरे पण आपल्याकडे कार्ड आहे ना." आपल्याकडे! मला वाटतं या एका शब्दात गैरवापराचा मोठा भाग येतो, माणसाला मिळालेली सोय घराची होते, मग गाडीची होते. तो वाईट माणूस नाही, आईचं मनापासून करतो, पण सकाळी ज्या जागेत सर लागले असते ती जागा त्याची गाडी दिवसभर अडवून होती आणि ग्रुपवर त्याच्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही, कारण काचेवर चित्र होतं.

मग मीटिंग झाली. मला धाकधूक होती, सर आणि मॅडम समोरासमोर बसणार म्हणून. आमच्यातल्या एका वकील बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे चारचौघांत अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे, हेतू सिद्ध व्हावा लागतो पण तरी, आणि नंबर प्लेटचे फोटो ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. सर खाली बघत होते. मग म्हणाले, "फोटो मी काढून टाकलाय. पुढे गेला तो परत येणार नाही, त्याबद्दल माफी मागतो. आणि तो शब्द मी शिवी म्हणून वापरला, मी, हे मला त्याच रात्री टोचलं. पण माझा राग खोटा नव्हता. मी त्या दिवशी चढावर गाड्यांच्या समोर होतो."

मॅडम म्हणाल्या, राग येणारच.

बराच वेळ कार्ड, तपासणी, कुणाला द्यायचं कुणाला नाही यावर चाललं. सगळे एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते की खरा गरजू कोण. शेवटी सरच वैतागून म्हणाले, "अहो, मला अंतराचं काही नाही. चाकांवर आहे मी, सपाट असेल तर पलीकडच्या टोकाहूनही येईन. मला दार उघडायला जागा द्या." आणि मॅडम लगेच म्हणाल्या, "मला दार कसंही उघडलं तरी चालेल, तिरकी होऊन निघेन. मला पावलं कमी द्या."

मीटिंग तिथंच संपली असं मी धरतो, पुढचा तासभर नुसते तपशील होते. एकाला रुंदी हवी होती, दुसरीला जवळ हवं होतं, आणि आम्ही दोन्ही गोष्टी एकाच चौकोनात कोंबून दोघांना भांडायला लावलं होतं. सरांनी पुढे हेही सांगितलं की मला बघून सगळ्या व्हीलचेअरवाल्यांचा हिशेब करू नका, ज्याच्या हातात जोर नाही त्याला रुंदीही लागते आणि जवळही लागतं, चढ तर अजिबात चालत नाही. बरोबर आहे, म्हणून रुंद जागा लांब न्यायच्या नाहीत असं ठरलं.

केलं ते एवढं. लिफ्टसमोरच्या दोन रुंद जागा तशाच ठेवल्या, त्या फक्त व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी आणि दार पूर्ण उघडावं लागतं अशांसाठी. त्यांना लागून ज्या तीन साध्या जागा होत्या (त्यातली एक आमच्याच एका डायरेक्टरची, त्यावर वेगळी लढाई झाली, ती राहू दे) त्या कमी चालू शकणाऱ्यांसाठी केल्या. तिथं चित्र काढलंच नाही, नुसतं लिहिलं, "कमी अंतर, पासधारकांसाठी." पाससाठी सरकारी कार्ड किंवा कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी, ज्यात आजाराचं नावही नको, फक्त जास्त चालू नये एवढं आणि किती महिने. पास माणसाच्या नावावर, तो माणूस गाडीत नसेल तर पास चालत नाही. पट्ट्यावर दोन लवचीक खांब बसवले. आणि वॉचमन काकांना सांगितलं की फक्त पास बघायचा, चाल बघायची नाही, काही विचारायचं नाही, कुणाला शंका असेल तर त्याने कमिटीकडे यावं, त्या माणसाकडे जायचं नाही. काका म्हणाले, चाल मी कधीच बघत नव्हतो, तुम्हीच बघत होता.

किती जमलं? खांबांमुळे गाड्या थांबल्या, बाइक अजून दोन खांबांच्या मधून घुसतात. दोनच मिनिटंवाले कमी झालेत, गेले नाहीत. स्टिकरवाला पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस आई खरंच बरोबर आली होती तेव्हा त्याने मुद्दाम मला खाली बोलावून दाखवलं, मी आजींना नमस्कार केला, काय करणार. मॅडमचा पास आहे, बऱ्या दिवशी त्या अजूनही लांब लावतात, मी एकदा म्हटलं तुमचा हक्क आहे, तर म्हणाल्या हक्क आहे म्हणूनच, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी जागा रिकामी असली पाहिजे.

एक गोष्ट मात्र अडली. एका तरुण मुलाने गुडघ्यासाठी तीन महिन्यांचा पास घेतला होता, तो दोनदा वाढवला. परवा मी त्याला जिना उतरताना पाहिलं, चांगला भराभर, कानात इअरफोन, आणि माझ्या मनात पहिला विचार नेमका तोच आला जो त्या दिवशी सरांच्या मनात आला असणार. मोबाइल खिशातून निम्मा बाहेर पण आला होता. वर आलो तर टेबलावर त्याचा तिसऱ्या मुदतवाढीचा अर्ज, सोबत डॉक्टरची चिठ्ठी, सगळं नियमात. एक दिवस तो अर्ज तसाच पडून होता. काल सही केली.